हणमंतप्पाची माती

विलायतेत हुकूमशहा माजले, मुलूख फुटले, लढाई दहा वर्षं झाली तरी थांबेना. इंग्रज गाशा गुंडाळून गेला, तसं हैदराबादनंही वेगळं राज्य पुकारलं आणि जर्मन बंदुका आणल्या. त्या पहिल्यांदा चालल्या कुणावर, तर जळकोटच्या माणसांवर.

हणमंतप्पानं तेरखेड्याच्या फटाकेवाल्यांची बारूद लावून फौजेच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडवल्या होत्या. निजामाच्या फौजदारानं, अमीनानं, गाव वेढलं, वेशीत दोघांना गोळ्या घातल्या आणि बजावलं, त्याला लपवणारं घर माणसांसकट जाळीन. त्या नालायकानं हणमंतप्पाचं तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून मल्लम्मानं नवऱ्याला आपला मेलेला भाऊ केलं. विभूती फासून, डाव्या तळहातावर इष्टलिंग देऊन त्याला विमानात, मखरासारख्या तिरडीत, बसवलं. लिंगायतांचा मुर्दा बसूनच जातो. दफनभूमी वेढ्याबाहेर, ओढ्यापल्याड होती.

वेढ्यावर अमीनानं पेटती बिडी हणमंतप्पाच्या तळपायावर विझवली. कातडं चरचरलं, पापणी हलली नाही. तरी तो हरामखोर मागं आलाच. "माझ्यासमोर पुरा," म्हणाला.

खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा असतो. मुर्दा त्यात बसवून तोंडाला फरशी लावतात, मग माती. आतल्या हवेवर घटकाभर निभेल, असं सगळे नजरेनंच बोलले. पण म्हाताऱ्या महालिंगप्पानं जन्मभर गावच्या मयती उरकलेल्या. सवयीनं हात चालले आणि त्यानं कोनाडा छातीपर्यंत मीठ-विभूतीनं भरला. हवेला जागाच उरली नाही. ध्यानात आलं तेव्हा अमीन डोक्यावर उभा होता. फरशी लागली.

माती पडली. अमीन शेजारीच पान चघळत बसला.

थोड्या वेळानं खालून ठक ठक झालं.

मल्लम्मानं हंबरडा फोडला. अमीनाला ऐकू गेलं असतं तर खांदेकऱ्यांसकट सगळे मेले असते. छाती बडवत, मातीवर डोकं आपटत ती ओरडत राहिली. खालचा आवाज वाढला तशी तीही वाढली. आपणच त्याला मारतोय हे तिला पक्कं कळत होतं. मग खाली काहीच वाजेना.

अमीन उठला. "लई जीव होता भावावर," म्हणाला आणि गेला.

माणसांनी हातांनी माती उपसली, फरशी काढली. हणमंतप्पा बसलेलाच होता. उजव्या मुठीची हाडं उघडी पडली होती. डाव्या हातात लिंग तसंच.

महालिंगप्पा तिच्या पायाशी कोसळला. "पोरी, म्या मारलं गं त्याला."

मल्लम्माचा घसा फाटला होता. खोट्या मौतीवर सगळं रडून झालं होतं. तिनं फरशी ओढून परत जागेवर लावली.

"विधी झालेत समदे, अज्जा," ती म्हणाली. "बुजवा."