तेरा साते

सत्यशीलाबाई वडवणीजवळच्या आपल्याच जुन्या शाळेत गणित शिकवायला आल्या, तेव्हा गावाला कोण आनंद! पाढे घडाघडा म्हणणारी पोरगी बाई होऊन परतली, आता पोरांचं गणित सुधारलंच म्हणायचं. गावाचं काय जातंय म्हणायला!

पहिल्याच दिवशी बाईंनी सहावीच्या वर्गाला विचारलं, "तेरा साते किती?"

कुणी काही न सांगता अठ्ठावीस पोरांनी एकाच वेळी हात उचलून डावा गाल झाकला. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कोण मारतं तुम्हाला?"

"कुणीच न्हाई, बाई."

शाळेत मारणं बंद होऊन कैक वर्षं झाली होती. तरी रोज तेच. मराठीच्या तासाला नुसता कलकलाट, आणि बाईंनी फळ्यावर आकडा लिहिला की पाठीमागे कपड्यांची सळसळ व्हायची. न बघताच त्यांना कळायचं, हात गालांवर गेले. पुढेपुढे त्यांना वर्गाकडे पाठ करायचीच भीती वाटू लागली.

सगळ्यात जास्त घाबरायची ती यशोधरा. ती बाईंसमोर तोंडच उघडत नसे. एक दिवस तिची आई, ऊसतोडीला जाणारी भामाबाई, शाळेत आली.

"गणित येत न्हाई तर दिवाळीनंतर आमच्यासंगं कारखान्यावर नेते हिला. हितं ठिवून काय करू?"

"नेऊ नका हो. हुशार आहे पोरगी. पण मला एवढी का घाबरते?"

भामाबाई हसली. "वळखलं न्हाई मला? चौथीत तुमच्या मागंच बसत होते. विठ्ठलराव गुरुजींच्या वर्गात."

बाईंना तो वर्ग आठवला. गुरुजींची रीतच होती तशी. ज्याला उत्तर येईल त्याने बाकीच्यांना रांगेत उभं करायचं, डाव्या हाताने एकेकाचं नाक धरायचं आणि उजव्याने थोबाडीत द्यायची. हळू दिली तर गुरुजी देणाऱ्यालाच हाणत. सत्यशीलाला उत्तर नेहमीच यायचं.

"तेरा साते," भामाबाई म्हणाली. "नाकातून रगत आलतं. त्या दिसापसून शाळा सुटली माझी. आता गावातली समदी आपापल्या लेकरांला घरीच पाढे शिकिवतेत, तसंच मारून. आमाला दुसरं कुठं येतंय?"

"चुकलं माझं, भामा," बाई कशाबशा म्हणाल्या. मग तिला घेऊनच त्या वर्गात गेल्या आणि पोरांसमोर जमिनीवर बसल्या.

"आजपासून उलटं. तुम्ही मला विचारायचं. यशोधरा, तू विचार."

यशोधरा उठली. "तेरा साते?"

सोपंच तर होतं. पण सगळा वर्ग टक लावून बघत होता, दारात भामाबाई उभी होती, आणि बाईंची जीभ टाळ्याला चिकटली. काही केल्या शब्द फुटेना.

"एक्याण्णव," यशोधरा खणखणीत म्हणाली.

बाईंना रडूच आलं. सुटली पोरगी, आता कुठला कारखाना आणि कुठलं काय!

यशोधरा जवळ आली आणि तिने डाव्या हाताने बाईंचं नाक घट्ट धरलं. वर्गात आज एकही हात गालावर नव्हता. बाईंनी दाराकडे पाहिलं, भामा तरी थांबवेल म्हणून. ती लेकीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं.