निर्विषबापूंचं न बदलणारं निदान

मांजलपूरच्या एका सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंगमधल्या स्कूटर बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे पायांवाटे अंगातलं विष उतरवून देणारे निर्विषबापू, शेजारी प्लास्टिकचा टब, टबात कोमट मीठपाणी आणि भगव्या कापडात गुंडाळलेलं 'यंत्र'. पाच हजार वर्षांपूर्वीच्या या यंत्राला चालायला भिंतीतला प्लग लागे, पण ते कुणाला खटकत नव्हतं.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या विश्वंभर पवारांनी टबात पाय बुडवले. पंधरा वर्षांचा मधुमेह. दहा मिनिटांत पाणी विटकरी झालं आणि माणसांनी भराभर हात जोडले.

"जुओ भाई, ही तुमची साखर उतरली," बापू दोन हात लांबूनच, मराठीत गुजराती मिसळत म्हणाले. विषारी पायांना ते शिवत नसत, निदान फक्त पाण्यावरून करत. "हवे, आता गोळ्या बंद."

विश्वंभरांनी त्याच दिवशी गोळ्या कपाटात टाकल्या. त्यांच्या बायकोचा, मंदाचा, यावर विश्वास बसेना.

मंदाची तीस वर्षं रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेलेली. त्यामुळे तिला जिथे तिथे रंगाचाच संशय यायचा. पुढच्या रविवारी ती उभी राहिली. "बापू, तुमच्या मिठात रंग मिसळलाय."

बापूंनी हसत मिठाची पुडी पुढे केली. तिने ग्लासभर पाण्यात मीठ ढवळलं, वाट पाहिली. पाणी नितळच राहिलं.

"मी चुकले. मिठात रंग नाही," मंदा म्हणाली.

बापूंना आयतंच सापडलं. "बेन, तुमचं सायन्स रोज बदलतं. काल अंड्यातला बलक खाऊ नका, आज खा. आमचं ज्ञान पाच हजार वर्षं एकच."

घरी विश्वंभरांनीही हेच ऐकवलं. मंदाने वाद घातला नाही. वहीतला पहिला तर्क खोडून दुसरा लिहिला: पायांचा मळ आणि घाम. तिने वजरीने त्यांच्या टाचा अशा घासल्या की ते कळवळले. तिसऱ्या रविवारी पाणी पुन्हा विटकरी. तिने वहीतला दुसरा तर्कही खोडला.

आता मात्र ती घाबरली होती. नवऱ्याची तहान भागत नव्हती आणि टाचेवरचं साधं खरचटलेलं भरून येत नव्हतं. मीठ नाही, मळ नाही. मग मुळात पाय तरी लागतात का? हा प्रश्न पडताच तिने स्कूटर काढली आणि रावपुऱ्यात मैत्रिणीच्या, नयनाच्या, साडीच्या दुकानात गेली.

चौथ्या रविवारी दोघींनी चाकांच्या खुर्चीवरून एका बाईंना आणलं. अंगभर शाल, चेहऱ्यावर ओढलेला पदर.

"अकोट्याच्या आत्या. बोलत नाहीत," मंदा म्हणाली आणि तिने त्यांचे पाय टबात सोडले.

पाणी विटकरी झालं, वर काळे कण तरंगले. बापूंनी डोळे मिटले. "लिव्हर. चाळीस वर्षांचं विष. बेन रागीट आहेत?"

"कधी आवाज चढवला नाही," नयना म्हणाली.

"आत साठवतात. म्हणूनच."

मंदाने शाल ओढली. दुकानातली साडी नेसवायची पुतळी नेहमीसारखी हसत होती. "बापू, यांना लिव्हर नाही. या आतून पोकळ आहेत."

हशा ओसरण्याआधीच तिने प्लग काढून यंत्राचं कापड सोडलं. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या, कडा झिजून गेलेल्या. "मीठपाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. पाय कुणाचेही चालतात, नसले तरी चालतं."

कुणीतरी खात्री मागितली, तेव्हा तिने टबात नवं मीठपाणी भरून यंत्र नुसतंच लावलं. तेही विटकरी झालं. तोवर बापू चपला शोधू लागले होते.

विश्वंभर मात्र अडून बसले. "अगं, महिन्याभरात तीन कारणं सांगितलीस. उद्या चौथं सांगशील."

"पुरावा मिळाला तर सांगेन. पहिली दोन पुराव्यानेच खोडली, म्हणून तिसऱ्यापर्यंत पोचले. अहो, यांचं उत्तर समोर माणसाऐवजी प्लास्टिक आलं तरी बदललं नाही. समोर काय आहे हे न बघणाऱ्या ज्ञानावर जीव सोपवू नका."

तिथून ती त्यांना थेट रक्त तपासायला घेऊन गेली. साखर तीनशे बारा.

"मशीन चुकलं असेल," विश्वंभर म्हणाले.

"असेल. दुसरीकडे तपासू."

दुसरीकडे तीनशे आठ आली. विश्वंभरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून आकडे पुन्हा वाचले.

"डॉक्टरांना फोन लाव," शेवटी ते म्हणाले. "गोळ्या बंद केल्या होत्या, हे मीच सांगतो."