चव गेलेल्या माणसाचं ताट

"आमटीत मीठ टाकलंस का गं?"

हा प्रश्न तुमच्याही घरात कधीतरी विचारला गेला असेल. विचारणारे सासरे किंवा सासूबाई, ऐकणारी सून, आणि मीठ अगदी बेताचं पडलेलं. आष्ट्याजवळच्या एका गावात, जोतीरामआप्पांच्या घरी, गेल्या पौषात हा प्रश्न पहिल्यांदा आला आणि मग रोजच्या जेवणाला येऊ लागला.

आप्पांचं वय त्र्याहत्तर. बायको चार वर्षांपूर्वी गेली. आता घरात तिघंच. मुलगा सूरज इस्लामपुरात खतं-बियाण्यांच्या दुकानात कामाला, आणि सून सोनिया घरी शिलाई मशीन चालवणारी. थंडीत आप्पांना आठवडाभर सर्दी-ताप झाला. ताप उतरला, पण जेवण काही पुन्हा गोड लागेना.

"आवं, मीठ हाय की. ह्यांनीबी तेच खाल्लं," सोनिया म्हणायची.

आप्पा वरून मीठ घ्यायचे, लोणच्याची फोड घ्यायचे, आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठायचे. सोनियाला वाटायचं, सासू गेल्यापासून ह्यांना माझ्या हातचं आवडत नाही. सूरजला वाटायचं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो. दोघांच्या मनात काय काय यायचं, पण आप्पांना नेमकं काय झालंय हे विचारावं असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

चैत्रात गावची जत्रा भरली. भावकीच्या मटणाचा हंडा चाळीस वर्षं आप्पांच्या ताब्यात होता. देवाला निवद दाखवायच्या आधी रश्श्याचा थेंबही जिभेला लावायचा नाही, ही त्या भावकीची रीत. मग मीठ-तिखट कळायचं कसं? आप्पा हंड्यावर वाकायचे, वाफ नाकात घ्यायचे आणि सांगायचे, "अजून मूठभर." मिठाला वास नसतो हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. पण मीठ पडल्यावर शिजत्या रश्श्याचा वास बदलतो, असं आप्पांचं म्हणणं होतं, आणि चाळीस वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं.

यंदा ते वाकले. चेहऱ्याला वाफ लागली, डोळ्यांत पाणी आलं. वास मात्र आला नाही. त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. सगळी भावकी भोवती उभी होती. त्याच वेळी "मला काही कळेना" असं म्हणाले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण चाळीस वर्षांचा मान असा एका वाक्यात कुणाला सोडवतो? ते म्हणाले, "अजून दोन मुठी." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "अजून एक."

निवद गेला, पंगत बसली, आणि पहिल्याच घासाला माणसं पाण्याच्या तांब्याकडे वळली. दीडशे माणसांचं जेवण तोंडात धरवेना. आप्पांचे चुलतभाऊ नानासो त्यांच्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जोतीराम, पुढच्या साली तू पंगतीत बसत जा गड्या." ते रागावले असते तर आप्पांना कमी लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी सूरजला जवळ बोलावलं.

"मला वासच येत न्हाई रं. गोठ्यात गेलो तर शेणाचाबी येत न्हाई. भाकरी खाल्ली काय आन् पुठ्ठा खाल्ला काय, समदं सारखंच."

"कवापास्नं?"

"थंडीत ताप आला हुता बघ, तवापास्नं."

सूरज गाडीची किल्ली शोधत होता. म्हणाला, "वय झालं आप्पा. ह्याला काय औषध असतंय व्हय?"

वाचकहो, दिसेनासं झालं की आपण म्हाताऱ्या माणसाला चष्मा आणून देतो. दात पडले की कवळी बसवतो. गुडघे दुखले तर तेल आणतो, पट्टा आणतो. पण नाक गेलं, चव गेली, तर "वय झालं" म्हणून मोकळे होतो. सूरजनं तेच केलं, आणि त्या दिवशी त्याला आपण काही वाईट केलं असं वाटलंही नाही.

मग आठ-दहा दिवसांनी पाहुणे आले. भरपूर स्वयंपाक झाला आणि आदल्या दिवशीचं पिठलं तसंच राहिलं. सोनिया ते म्हशीच्या पाटीत टाकायला निघाली होती. सूरज म्हणाला, "टाकतीस कशाला? आप्पांस्नी वाढ. त्यांस्नी काय कळतंय?"

हे वाक्य मुलाचं होतं, सुनेचं नव्हे. ते मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत सगळं सुनेच्या माथी मारायची आपल्याला सवय आहे.

वाक्य एकदा घरात शिरलं ते शिरलंच. साखर संपली, तर आप्पांचा चहा बिनसाखरेचा. फोडणीला वेळ नाही, तर आप्पांची आमटी बिनफोडणीची. ताक फार आंबलं, भाकरी कालची राहिली, भात परवाचा उरला, की सगळं आप्पांच्या ताटात. ताट वेगळं होत गेलं आणि मग जेवायची वेळही वेगळी झाली. त्यांना कुणी उपाशी ठेवलं नाही, कुणी वावगं बोललं नाही. दोघंही मनानं दुष्ट नव्हते. आप्पाही निमूट जेवायचे. आता ते मीठ मागत नव्हते, लोणचं मागत नव्हते. सोनियाला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

आप्पांची विजार कमरेवर राहीना, तेव्हा त्यांनी नाडी जास्त आवळून बांधायला सुरुवात केली. सदरा खांद्यावरून उतरू लागला. शेजारच्या लीलाबाई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणतं. त्यांनी एकदा सोनियाला हटकलं, "आप्पा लय वाळलं गं. काय खात्यात का न्हाई?" सोनिया म्हणाली, "खात्यात की. वाढल्यालं समदं खात्यात."

ते खरंच होतं.

वैशाखात उंब्रजला सोनियाच्या मावसबहिणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी दुपारी वळवाच्या वाऱ्यानं विजेचा खांब पाडला. फ्रिज बंदच होता. सकाळी निघायच्या घाईत सोनियानं पातेल्यावरचं झाकण काढलं. मटकीची उसळ आणि भात, दोन्ही दोन दिवसांचं. आंबूस वास आला. तिनं क्षणभर विचार केला. आप्पा लग्नाला येणार नव्हते, नवा स्वयंपाक करायला वेळ नव्हता, आणि ते वाक्य तर घरात तयारच होतं. तिनं झाकण परत ठेवलं.

"आप्पा, पातेल्यात उसळ-भात हाय बघा. गरम करून घ्या."

"व्हय," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत आले, तर आप्पा न्हाणीच्या दाराशी पडलेले होते. अंगावरचे कपडे घाण झालेले, ओठ कोरडे पडलेले, डोळे अर्धवट उघडे. हाक मारली तरी ओ देईनात. सोनिया धावत सिस्टरांकडे गेली. सिस्टरांनी नाडी पाहिली, पोटावरची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि सूरजला गाडी आणायला पिटाळलं. तो येईपर्यंत त्या स्वयंपाकघरात जाऊन आल्या होत्या. त्यांच्या हातात एक पिशवी होती.

इस्लामपूरच्या दवाखान्यात सलाईन लागली. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "काय खाल्लं होतं यांनी?"

"घरचंच जेवण," सूरज म्हणाला.

सिस्टरांनी पिशवीतून पातेलं काढून टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडलं. डॉक्टरबाई एक पाऊल मागे सरल्या. त्यांनी सूरजकडे पाहिलं आणि कागदावर लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंगातलं पाणी पार गेलंय. किडनीवर ताण आलाय. चार दिवस तरी मला काही सांगता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर सूरज डोकं धरून बसला. सिस्टर त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ह्ये दोन दिवसांचं नासकं त्यांस्नी का दिलंसा?"

"सिस्टर, त्यांस्नी चवच कळत न्हाई हो..."

"दिसत न्हाई अशा माणसाला तू हिरीच्या काठावर नेऊन सोडशील का?"

सूरजनं मान नकारार्थी हलवली.

"आरं, नासलेलं ओळखायचं काम नाकाचं असतंय. त्यांचं नाक गेलं म्हंजे त्यांची राखणच गेली. मग ती राखण तुमी करायची का त्यातनं आपला फायदा बघायचा? तुला आंबूस वास आला की तू ताट सारतोस. त्यांस्नी सारता येत न्हाई. म्हंजे त्यांचं ताट तुमच्यापेक्षा ताजं पायजे का शिळं पायजे? सांग की."

सोनिया भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "मला वास आला हुता, सिस्टर. आला हुता मला." आणि ती तिथंच खाली बसली.

"आला हुता, म्हणूनच तर सांगतीया," सिस्टर म्हणाल्या. "आन् सूरज, त्यांनी तुला सांगितलं हुतं का, वास येत न्हाई म्हणून?"

"व्हय."

"मग?"



चौथ्या दिवशी आप्पांनी नीट डोळे उघडले. जीव वाचला होता, पण किडन्या पहिल्यासारख्या होणार नव्हत्या. आता पथ्य आणि औषधं जन्मभराची. सूरज खाटेशी वाकला.

"आप्पा, चुकलं माझं. तुमास्नी कळत न्हाई म्हणून आमी..."

आप्पांनी मान हलवली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"कळत हुतं रं."

"काय?"

"जिभंला न्हाई, बोटांस्नी कळायचं. भात चिकाट झालेला. उसळीला तार सुटल्याली. रोजचं शिळं काय आन् ताजं काय, हात घातला की कळायचं."

सूरज म्हणाला, "मग खाल्लंसा का? बोलला का न्हाई?"



"मीठ मागितलं तवा तुमास्नी कटकट वाटली. नाक गेलं म्हणून सांगितलं, तर तू किल्ली हुडकत हुतास. तिसऱ्यांदा काय बोलायचं?"

किती दिवस! किती दिवस तो माणूस रोज ताटात हात घालत होता, आपल्याला काय वाढलंय ते ओळखत होता, आणि मुलाच्या घरात वाद नको म्हणून गिळत होता! सूरज त्या खाटेच्या लोखंडाला डोकं टेकून रडला. सोनिया दारातच थांबली. आत यायची तिची हिंमत झाली नाही.

आप्पा घरी आले. आता त्या घरात एकाच पातेल्यातलं तिघं जेवतात आणि पहिलं ताट आप्पांचं असतं. सोनिया भाजी आधी स्वतः हुंगून पाहते, मगच वाढते. किडनीचं पथ्य आहे म्हणून मीठ जपून पडतं, पण कोथिंबीर, लिंबू, कुरकुरीत पापड, गरम भाकरी, जिभेला आणि दाताला जे जे काही जाणवेल ते ती देते. नाकाच्या डॉक्टरांनाही दाखवून झालं. ते म्हणाले, लवकर आला असता तर प्रयत्न करता आला असता, आता आशा थोडी. गॅसची शेगडी आप्पांनी एकट्यानं पेटवायची नाही, कारण गॅस सुटला तरी त्यांना कळणार नाही, हेही त्यांनी बजावलं. सगळं नीट चाललं आहे.

फक्त एक गोष्ट तशीच राहिली आहे. ताट समोर आलं की आप्पा लगेच घास घेत नाहीत. आधी त्यांची दोन बोटं भातावरून हळूच फिरतात, शीत चिमटीत धरून पाहतात, आणि मगच पहिला घास उचलला जातो. ते हे मुद्दाम करत नाहीत, त्यांच्या ध्यानातही येत नसावं. सोनियाच्या ध्यानात येतं. भात तिनं नुकताच उतरवलेला असतो, त्यातून वाफ निघत असते, आणि तरीही रोज दोन्ही वेळा ती बोटं फिरतात. ती पाहते आणि खाली मान घालून जेवते.

वाचकहो, उतारवयात वास आणि चव जाणं ही फार घरांतली गोष्ट आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस "जेवणाला चव नाही" म्हणालं, तर तो तुमच्या हाताला दिलेला दोष समजू नका आणि हट्टही समजू नका. त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. त्याला वाढाल ते तुम्ही स्वतः खाऊ शकाल असंच वाढा, आणि त्याच्या शेजारी बसून जेवा.