हातात हाय का?

मी एक जुनी यादी आहे, मित्रांनो. किराणा दुकानातली नव्हे. तिच्यात निदान गूळ-शेंगदाणे तरी असतात. मी बाळंतपणाच्या खोलीतली यादी. आई आणि बाळ दोघंही सुखरूप राहावीत म्हणून सिस्टरने काय काय तपासायचं, ते माझ्यावर ओळीने छापलेलं आहे आणि प्रत्येक ओळीपुढे एक रिकामा चौकोन आहे. माझा स्वभाव मुळातच भित्रा. जिच्या अंगावर नुसत्या शंकाच छापलेल्या, ती धीट कशी असणार?

माझा जन्म लांबच्या एका कार्यालयात झाला. मूळची मी इंग्रजी. एका शिकल्यासवरल्या माणसाने पंख्याखाली बसून मला मराठीत आणलं. माणूस चांगला होता, पण बाळंतपणाची खोली त्याने कधी पाहिली नसावी. त्याने लिहिलं, 'औषध उपलब्ध आहे का?' त्याने लिहिलं, 'रक्तस्राव आढळल्यास सोबतच्या व्यक्तीने त्वरित सूचित करावे.' मला माझ्या या शब्दांचा भारी अभिमान वाटायचा. मग अंगावर प्लास्टिक चढलं आणि उदगीरहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, सरकारी दवाखान्यात, मी टेबलासमोरच्या खिळ्याला लटकले. माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे औषधांची खोली होती.

तिथल्या सिस्टरचं नाव लुंबिनी. सुरुवातीला ती माझी एकेक ओळ बोट ठेवून वाचायची, हिरव्या पेनाने खूण करायची, बाळंतपण झालं की ते सगळं केसपेपरवर उतरवायची आणि स्पिरिटच्या बोळ्याने मला पुसून काढायची. शेकडो बायकांच्या खुणा माझ्यावर उमटल्या आणि पुसल्या गेल्या. पण सिस्टर एकटी आणि कामाला तोटा नाही. हळूहळू खुणा घाईत होऊ लागल्या. कधी कधी तर सगळं उरकल्यावर, चहा पिता पिता, एका दमात. तपासणीला आलेले साहेब मात्र खूश. "वा, एकही चौकोन रिकामा नाही," ते म्हणाले. मीही फुगले. कागदी घोडे म्हणतात ते हेच, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

दवाखान्यातल्या आया नागुबाई मला उन्हाळ्यात काढून घेत आणि बाळंतिणीला वारा घालत. त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आज वाटतं, त्या वर्षांत माझा तेवढाच काय तो खरा उपयोग झाला.

तो गुरुवार होता, बाजाराचा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास इकरा नावाची पहिलटकरीण माहेरहून कळा देत आली. सोबत तिची आई वहिदा. मशिदीमागच्या गल्लीत वहिदाबींचं शिवणाचं मशीन आहे. इकराने आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. "अम्मी, कुठं जाऊ नकोस," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. डॉक्टर लसीकरणासाठी शेजारच्या गावी गेले होते.

लुंबिनीने हिरवं पेन उघडलं. 'औषध उपलब्ध आहे का?' बाळ जन्मल्या जन्मल्या आईला एक इंजेक्शन द्यायचं असतं, म्हणजे रक्त जास्त जात नाही. त्याचा अख्खा डबा सोमवारीच आला होता आणि औषधांच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये होता. खूण. मग तिने वहिदाबींना वाचून दाखवलं, "चाची, रक्तस्राव आढळल्यास त्वरित सूचित करायचं, बरं का."

"हाव," वहिदाबी म्हणाल्या. पाहुणा जसा न कळलेल्या गोष्टीलाही मान हलवतो, तसा तो होकार होता. खूण.

दुपारी एकच्या सुमारास औषधं देणाऱ्या शेषेरावांनी औषधांच्या खोलीला कुलूप घातलं आणि ते भाजी आणायला बाजारात गेले. किल्ली त्यांच्या करदोट्याला. माणूस वाईट नव्हता. एकदा त्या खोलीतून काही चोरीला गेलं होतं आणि जाब त्यांना द्यावा लागला होता. तेही माझ्यासारखे भित्रेच.

अर्ध्या तासात इकराला मुलगी झाली. पोर अशी खणखणीत रडली की सगळ्याच हसल्या. लुंबिनीने हात पुढे केला. "मावशी, इंजेक्शन."

ट्रे रिकामा होता. नागुबाई फ्रीजकडे धावल्या आणि तशाच परत आल्या. "कुलूप हाय."

लुंबिनीने बाळ गुंडाळून ठेवलं आणि ओसरीत जाऊन शेषेरावांना फोन लावला. फोनची घंटी वाजली, मित्रांनो, माझ्या पाठीमागच्या भिंतीतून. शेषेराव फोन आतच चार्जिंगला लावून गेले होते. ती घंटी वाजत राहिली आणि माझी पाचावर धारण बसली. आडात भरपूर होतं, पोहऱ्यातच नव्हतं. आणि माझ्या अंगावर ठसठशीत हिरवी खूण: 'उपलब्ध.'

खिळ्यावरून मला सगळं दिसत होतं. इकराखालचं कापड भिजत चाललं होतं. वहिदाबींनाही ते दिसत होतं, पण पहिलटकरणीचं असंच असतं असं समजून त्या लेकीचे केस सारखे करत गप्प उभ्या होत्या. सूचित करायचं म्हणजे काय करायचं, ते त्यांना कुठे ठाऊक होतं? मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं. पण माझं तोंड म्हणजे माझे शब्द, आणि ते तिथे कुणाच्याच भाषेत नव्हते.

"अम्मी, थंडी वाजून राहिली," इकरा म्हणाली. मे महिन्याच्या दुपारी.

नागुबाईंनी चादर वर केली. "सिस्टर, या लवकर. पोरीच्या अंगावरून लई जाऊन राहिलं."

लुंबिनी धावत आली. एका हाताने ती इकराचं पोट दाबून चोळू लागली, दुसऱ्या हाताने तिने बाळ आईच्या छातीशी लावलं. अँब्युलन्सला फोन झाला. यायला चाळीस मिनिटं लागणार होती. इकराचे ओठ पांढरे पडत होते. ओढणीचं टोक तिच्या मुठीतून सुटलं, ते मी पाहिलं. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

"मावशी, कुलूप तोडा."

"सरकारी कुलूप हाय, सिस्टर. पाच वर्षं राहिली माझ्या नोकरीची."

"माझं नाव सांगा. तोडा."

नागुबाईंनी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा लोखंडी पाना उचलला. पहिला घाव पडला तसा माझा खिळा हादरला. दुसरा, तिसरा. प्रत्येक घाव माझ्या पाठीत बसत होता आणि मला वाटत होतं, बसू दे, अजून जोरात बसू दे. नवव्या घावाला कुलूप तुटलं.

इंजेक्शन दिलं गेलं. लुंबिनीचा हात पोटावरच होता. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "पोट कडक होऊन राहिलं. थांबतंय."

अँब्युलन्स इकराला उदगीरला घेऊन गेली. शेषेराव भाजीची पिशवी घेऊन परत आले आणि तुटलेलं कुलूप पाहून पायरीवरच बसून राहिले. तीन दिवस काही बातमी नव्हती. तीन दिवस माझ्यावरची ती हिरवी खूण कुणी पुसली नाही.

चौथ्या दिवशी वहिदाबी आल्या. इकराला रक्त चढवलं होतं, ती उठून बसत होती, बाळ पीत होतं. माझ्या जिवात जीव आला. लुंबिनीने मात्र त्यांना सरळ विचारलं, "चाची, मी सांगितलं होतं ना, रक्तस्राव झाला तर सांगा?"

वहिदाबी ओशाळल्या. "मला वाटलं, रक्त तपासायचं काही हाय. अंगावरून जातंय म्हणला असता, तर मी पयलीच हाक मारली असती."

लुंबिनीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मला खाली काढलं, मांडीवर घेतलं, नागुबाईंना आणि वहिदाबींना दोन्ही बाजूंना बसवलं. न पुसणारं काळं पेन घेऊन तिने माझे कडक शब्द खोडले. दुखलं मला, खोटं कशाला सांगू? त्या जागी तिने लिहिलं, 'अंगावरून लई जातंय का? लगेच हाक मारा.' आणि 'उपलब्ध आहे का?' खोडून लिहिलं, 'इंजेक्शन हातात हाय का?' शेषेराव दारात उभे होते. नव्या कुलपाची किल्ली त्यांनी करदोट्याची सोडली आणि मला टांगल्यावर माझ्याच खिळ्याला अडकवली. पंखा लागला की ती माझ्यावर टकटक वाजायची.

चार वर्षं मी तशी लटकले, आणि त्या चार वर्षांत माझी प्रत्येक ओळ मोठ्याने विचारली गेली. मग लुंबिनीची बदली किनवटला झाली आणि वरून नवी यादी आली. साहेब म्हणाले, "ही काय गावठी भाषा? काढा ती." नवी यादी सुंदर आहे. तिच्यावर पुन्हा छापलंय, 'उपलब्ध आहे का?' आता मी त्याच खोलीतल्या कपाटामागे धूळ खात उभी आहे आणि माझी जुनी भीती माझ्यासोबत आहे.

मित्रांनो, मला पुसून स्वच्छ ठेवा असं माझं मागणं नाही. पण कुठल्याही चौकोनात 'आहे' अशी खूण करण्याआधी एकदा हात पुढे करून बघा. आणि ज्याला सांगायचं, त्याच्या भाषेत सांगा.

काल सकाळी एक बाई कळा देत आली. नवी सिस्टर शिवकन्या भराभरा खुणा करत होती. मी कपाटामागे जीव मुठीत धरून ऐकत होते. तेवढ्यात नागुबाईंचा आवाज आला. या महिन्याअखेरीस त्या निवृत्त होतील, आणि वाचता त्यांना अजूनही येत नाही.

"सिस्टर, इंजेक्शन हाय का?"

"हाय ना मावशी, फ्रीजमधी."

"फ्रीजमधी न्हाई इचारलं. हातात हाय का?"

मग पावलं वाजली आणि खिळ्यावरची किल्ली निघाल्याचा आवाज मी ऐकला.