दोन पावले रंगवलेली तिपाई

मी एक जुनी लाकडी तिपाई आहे. पाय चार असूनही सुतार मला तिपाई म्हणाला आणि तेच नाव चिकटले.

सकाळी साडेनऊला कापड दुकानाचे शटर वर जाते. मावशी (दुकानात सगळे तिला मावशीच म्हणतात) पिशवी काउंटरखाली सरकवते, फडक्याने आधी काच पुसते, मग मला, आणि मला उंच कप्प्याखाली नेऊन ठेवते. दहाला ती काउंटरमागे उभी राहते. जेवणाची वीस मिनिटे सोडली, तर संध्याकाळी आठपर्यंत ती उभीच असते, गिऱ्हाईक असो वा नसो. मालक गादीच्या खुर्चीत बसतात. गठ्ठे उचलणारे दोघे पुरुष पायरीवर बसून चहा पितात. त्याला कुणाची हरकत नसते.

मित्रांनो, मी बसण्यासाठी जन्मले होते. मालकांच्या आईने मला करवून घेतले तेव्हा ती बावीस वर्षांची होती, दुसऱ्यांदा गरोदर. ओट्यापाशी उभे राहून तिच्या पोटऱ्या भरून येत. सुताराने ओट्याची उंची मोजली, माझ्या कडा घासून गोल केल्या. "ताई, कुठे टोचणार नाही," तो म्हणाला. पहिल्याच दिवशी ती माझ्यावर बसून भाजी चिरत होती, तोच सासूबाई दारात आल्या.

"बसून स्वयंपाक? मग झोपूनच करा की."

ती उठली. पुढची चाळीस वर्षे तिने माझ्यावर फक्त पाय ठेवले, वरचे डबे काढण्यासाठी. फळ्या ठोकल्या पुरुषांनी, आपल्या हाताच्या उंचीवर. डबे काढायचे मात्र तिने. पाहुणे म्हणत, "हिला कधी बसलेली पाहिलीच नाही." ही म्हणे स्तुती. त्या स्तुतीची मला आजही चीड येते.

पुढे मी तिच्या मुलाच्या, म्हणजे मालकांच्या, दुकानात आले. "हिच्यावर चढायचं, बसायचं नाही," मालकांनी काउंटरवरच्या बायकांना पहिल्या दिवशीच बजावले. "बाई बसलेली दिसली की दुकान सुस्त वाटतं." तरी कुणीतरी क्षणभर टेकायचेच. मग त्यांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावून माझ्यावर दोन पिवळी पावले काढून घेतली.

"डावं पुढे काढू की उजवं?" रंगाऱ्याने विचारले. सगळे हसले. मावशी हसली नाही.

ती एकोणीस वर्षे इथे आहे. "मावशी म्हणजे दुकानाचा खांब," असे मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतात. खांबाला खुर्ची कोण देतो?

गेल्या आठवड्यात तिने डॉक्टरांची चिठ्ठी मालकांपुढे ठेवली. पायांच्या शिरा फुगल्या आहेत, दर तासाला दहा मिनिटे बसणे आवश्यक, असे तिच्यात लिहिले होते.

"डॉक्टरांचं काय जातं लिहायला? माझी आई जन्मभर उभी राहिली."

"त्यांचे गुडघे कसे आहेत आता?" मावशीने विचारले.

मालकांनी वर्तमानपत्र उघडले. त्यांच्या आईला पलंगापासून दारापर्यंतही आधाराशिवाय जाता येत नाही. "बसायचं असेल तर घरी बस. तुझ्या जागी दुसरी येईल."

शेजारच्या काउंटरवरची जोडीदारीण कुजबुजली, "गोळी घे गं, आणि ढकल आणखी थोडे दिवस."

"एकोणीस वर्षं ढकललीच की."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. माझी निगा नको. आज घरी जेवायला बसाल तेव्हा कोण उभे आहे ते पाहा. तिला कामसू म्हणून मोकळे होऊ नका. उठा आणि तिला बसायला जागा द्या.

आज सकाळी साडेनऊला शटर वर गेले. मावशीने काच पुसली, मला पुसले, पण कप्प्याखाली नेले नाही. तिने मला काउंटरमागे ठेवले, पिशवीतून जुन्या चादरीची घडी काढून पिवळ्या पावलांवर अंथरली. अकरा वाजता ती बसली. एक बाई अस्तराचे कापड मागत आली. मावशीने बसल्या बसल्या तीन रंग उलगडून दाखवले.

मालक उठून आले. "मी काय सांगितलं होतं?"

"घरी बस म्हणालात. घरी तरी कुठे बसायला मिळतं, मालक? काढायचं असेल तर काढा, एवढं माप झालं की जाते." तिने कापडाला मीटरपट्टी लावली.

गिऱ्हाईक म्हणाले, "अडीच मीटर द्या." मालकांनी गिऱ्हाइकाकडे पाहिले आणि ते आपल्या खुर्चीकडे गेले. कापड मोजून, कापून, घडी होऊन गेले. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली. मावशी उठली. तिने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली आणि मला शेजारच्या काउंटरमागे सरकवले.

"आता तू बस," ती जोडीदारणीला म्हणाली.

जोडीदारणीने एकदा मालकांच्या खुर्चीकडे पाहिले आणि ती बसली.