निळा सदरा

नदीतल्या दोनफाय बेटावर एखाद्या घरातलं माणूस जगतंय की नुसता श्वास घेतंय, हे कळायला वैद्य लागत नाही. दिवेलागणीला त्या घरात तांदूळ भिजत पडला की नाही, तेवढं बघायचं. आमचा चिकट तांदूळ मोठा मानी. रात्रभर पाण्यात लोळल्याशिवाय सकाळी वाफेवर चढत नाही. म्हणजे जो संध्याकाळी तांदूळ भिजवतो तो उद्या उठणार असतो. जो भिजवत नाही, त्याने उद्याचं काही ठरवलेलं नसतं.

चन्थालाच्या घरात पावसाळ्यापासून तांदूळ भिजला नव्हता.

तिचा नवरा थोंगदाम पुराच्या पाण्यात जाळं काढायला गेला आणि तिकडचाच झाला. तो सापडला नाही. होडी मात्र परत आली. एकटी, प्रवाहाच्या उलट, आणि रोजच्या खुंटाला नाक टेकून उभी राहिली. दोर तेवढा बांधायचा राहिला होता. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जाऊन होडी बघावी, अजून तिथेच आहे. बातमी कळल्यावर चन्थाला धावत घाटावर गेली, चिखलात पाय सरकला आणि छातीइतक्या पाण्यात बसली. लोकांनी तिला ओढून काढलं, घरी आणलं. निदान लोकांची तशी समजूत होती.

तेव्हापासून ती नवऱ्याचा निळा सदरा घालून खांबांवरच्या त्या घराच्या शिडीवर बसून असायची. शेजारणी आणून देतील ते दोन घास गिळायची. घराखालच्या मागावर अर्धवट विणलेली पट्टी तशीच होती आणि तिच्यावर कोळ्याने स्वतःचं विणकाम सुरू केलं होतं. कुणी विचारलं, बरं वाटतंय का, तर ती हो म्हणायची. कुणी विचारलं, बरं वाटत नाही का, तरी हो म्हणायची.

हे सगळ्यांत जास्त कुणाला टोचलं असेल तर बुआलोयला. ती थोंगदामची थोरली बहीण, म्हणजे चन्थालाची नणंद. तिचा आवाज असा की ती आपल्या कोंबड्यांना हाक मारायची आणि नदीपलीकडच्या कंबोडियातल्या कोंबड्या निघून यायच्या. भावासाठी ती रडली की नाही हे कुणी पाहिलं नाही. ती फक्त जास्त जोरात बोलायला लागली होती. एक दिवस तिने गावाला सांगून टाकलं की हिचा ख्वान घाटावर पडलाय आणि तो आणल्याशिवाय ही माणसात यायची नाही.

ख्वान म्हणजे अंगातला राखणदार जीव. माणूस घाबरलं, पडलं, की तो निसटतो आणि पडल्या जागीच बसून राहतो, चुकलेल्या वासरासारखा. माणूस मग हिंडतं फिरतं, पण आत कुणी नसतं. उपाय बायका पिढ्यानपिढ्या करत आल्यात. मासे धरायची हातजाळी घ्यायची, तिच्यात अंडं, केळं, भाताचा गोळा आणि त्या माणसाचा रोजचा कपडा ठेवायचा, मावळतीला त्या जागी जायचं आणि हाका मारत मारत ख्वान जाळीत उपसून घरी आणायचा. एरवी नाव घेऊन हाक मारतात. पण जिथे कुणी बुडालं त्या घाटावर आमच्याकडे नाव घेत नाहीत. पाण्यातल्याला नाव कळलं की तो ते विसरत नाही. तिथे कपडा हेच नाव.

बुआलोयने त्या संध्याकाळी वाळत घातलेला चन्थालाचा रोजचा कपडा दोरीवरून ओढला. रोजचा कपडा कुठला, तर निळा सदरा. घाई, दुसरं काय.

जाळी अशी जड झाली म्हणे, की घाट चढताना तिचा खांदा निखळायची वेळ आली. सदऱ्यातून घरापर्यंत पाण्याची धार लागली. सदरा तिने नदीत बुडवलाही नव्हता, हे तिच्या नंतर लक्षात आलं. ख्वान पुन्हा निसटू नये म्हणून चन्थालाच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून ती विजयी मुद्रेने घरी गेली आणि ढाराढूर झोपली.

पहाटे चन्थाला खोकल्याने जागी झाली. घराखाली कुणीतरी खोकत होतं, तंबाखू ओढणाऱ्याचा ओला खोकला. मग शिडीची तिसरी पायरी कुरकुरली. मग चुलीपाशी भात वाफवायच्या टोपलीवर बोटाच्या पेरांनी टकटक झाली, थोंगदाम भूक लागली की करायचा तशी. चन्थाला पडल्या पडल्या म्हणाली, "उठते. जरा दम धरा." आणि उठून बसल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

चुलीपाशी कुणी नव्हतं. फळीवर ओली पावलं होती, पुरुषाची, उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. तो अंगठा तिने पुष्कळ वर्षं पाहिला होता. खुंटीवर निळा सदरा टपटप गळत होता. तिला सगळं समजलं. भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला एवढंच वाटलं, की घरात तांदूळ भिजलेला नाही आणि हा उपाशी आहे.

त्या संध्याकाळी तिने तांदूळ भिजवला. दोघांचा.

मग काय, घर चालू झालं. ती पहाटे उठायची, चूल पेटवायची, भात वाफवायची, भिक्खूंच्या पात्रात घालायची, परत येऊन दोन ताटल्या मांडायची. अंगण झाडलं, मागावरचा कोळी हाकलला. दिवसभर कामात आणि मावळतीला हात तांदळाच्या मडक्यात. गावाने मान डोलावली. बुआलोय तर बाजारात बायका थांबवून थांबवून सांगायला लागली, की जाळी कुणी मारली विचारा.

फक्त काही गोष्टी बाजारात सांगण्यासारख्या नव्हत्या. चन्थालाचे केस उन्हातही वाळेनात. भाताला गाळाचा वास येऊ लागला, आणि तो तिला आवडू लागला. घराखाली भर उन्हाळ्यात पाणी झिरपून डबकं झालं आणि त्यात बोटभर मासे दिसू लागले. पाली घर सोडून गेल्या. कुत्रं शिडीपाशी येऊन आभाळाकडे बघून विव्हळायचं आणि मागे फिरायचं. माणसांशी बोलताना तिला त्यांचे शब्द दुरून, पाण्याखालून ऐकल्यासारखे ऐकू यायचे. ओली पावलं आधी चुलीपाशी थांबायची. आता ती जेवण झाल्यावर शिडी उतरून घाटाच्या दिशेने जायची आणि वाटेत थांबलेली असायची, कुणीतरी मागे वळून बघत असल्यासारखी. जाळं टाकायला दोघं लागतात. तो पुढे उभा राहायचा, मागचं वल्हं नेहमी तिच्याकडे असायचं. पहिल्यांदा ती अर्ध्या वाटेपर्यंत गेली. मग घाटापर्यंत. मग एका पहाटे तिने होडीचा दोर सोडला, वल्हं हातात घेतलं, आणि कुठल्यातरी शेजारणीने सहज हाक मारली म्हणून ती परत आली.

त्याच आठवड्यात बुआलोयने चन्थाला बरी झाल्याबद्दल दोरे बांधायचा समारंभ ठेवला. मंत्र म्हणायला फियासिंग आजोबा आले. आजोबा एका डोळ्याने आंधळे आणि दुसऱ्याने पिणारे. गावात एका म्हाताऱ्या रेड्याचा रुसलेला ख्वान त्यांनी परत आणला होता आणि तो रेडा पुढे त्यांना बघून उठून उभा राहायचा, असं ते स्वतःच सांगायचे. जेवण झालं, दारू झाली, मंत्र झाले. आजोबांनी चन्थालाच्या मनगटावर दोरा गुंडाळला, गाठ मारली, गाठ सुटली. दुसरा घेतला, तोही सुटला. दोरा कोरडा होता, पण तिच्या हाताला लागला की चिंब व्हायचा. आजोबांनी मनगट नाकाशी नेऊन हुंगलं. त्यांची नशा उतरली असावी, कारण त्यांनी पेला बाजूला ठेवला, आणि हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ते हलकेच म्हणाले, "पोरी, तुझ्या अंगात एक जण राहतोय. पण तो तुझा जीव नव्हे."

पाहुणे गेल्यावर त्यांनी दोघींना समोर बसवून सगळं विचारून घेतलं. कपडा कुठला नेला होता हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. सांगितलं ते एवढंच, की हिचा स्वतःचा ख्वान अजून घाटावर बसलाय, गारठून. एका अंगात दोघं मावत नाहीत. आलेल्याला सोडल्याशिवाय हिचा ख्वान आणता येणार नाही, आणि पावसाचं पाणी चढायच्या आत तो आणला नाही तर ही त्या आलेल्याबरोबर जाईल. तो काही वाईट नाही, म्हणाले, त्याला फक्त आपली जागा आणि आपली बायको ठाऊक आहे.

म्हातारा गेला. चन्थालाला वाटलं आता वन्सं गावभर बोंब ठोकतील. बुआलोय मात्र खुंटीवरच्या सदऱ्याकडे बघत बसली. तिचा आवाज आला तोच मुळी कुणा दुसऱ्या बाईचा.

"तो खोकतो का अजून?"

"खोकतो."

"मी सांगत होते त्याला, तंबाखू सोड. माझा भाऊ घरी आलाय, चन्था. आणि तू त्याला हाकलणार?"

चन्थाला म्हणाली, "मी कुठं हाकलतेय, वन्सं. मी तर निघालेच होते त्याच्याबरोबर." हे ती अगदी साध्या सुरात म्हणाली. बाजारात मीठ आणायला निघाले होते म्हणावं तसं.

बुआलोय तिथेच मुक्कामाला राहिली. पहाटे खोकला आला. पायरी कुरकुरली. टोपलीवर टकटक झाली. बुआलोयने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग तिने पाहिलं, की भावजय झोपेतल्यासारखी उठली, दोन ताटल्या मांडल्या, आणि जेवताना तिच्या केसांतून पाणी ओघळून भातात पडतंय. ओली पावलं शिडीकडे निघाली. चन्थाला उठली. तिची पावलं बरोबर त्या ओल्या पावलांवर पडत होती, आणि तिचा उजवा अंगठा बाहेर वळला होता.

तेव्हा बुआलोय उठली. तिने खुंटीवरचा सदरा घेतला, कोपऱ्यातली हातजाळी घेतली, ताटलीतला भात आणि भावाची तंबाखू तिच्यात टाकली, पेटीतून चन्थालाची जुनी हिरवी नेसण काढली, लग्नानंतर तिने स्वतः विणलेली, आणि भावजयीचा हात धरून घाटावर गेली. तिला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

घाटावर धुकं होतं. होडीचा दोर ताणलेला होता, प्रवाहाच्या उलट दिशेने. सदरा नीट घडी करून बुआलोयने चन्थालाच्या हातात दिला. "हे तुलाच करावं लागेल. माझ्याच्यानं होणार नाही."

चन्थालाने सदरा छातीशी धरला. तो गार होता आणि त्याला तंबाखूचा वास होता, आणि तिला वाटलं की वल्हं घ्यावं आणि संपवावं हे रोजचं उठणं. मग तिने सदऱ्याच्या खिशात भाताचा गोळा ठेवला, तंबाखूची गुंडाळी ठेवली, आणि वाकून सदरा पाण्यावर सोडला. "एकट्याला जाळं ओढायला जड जाईल," ती त्याला म्हणाली. "लहान टाकत जा." सदरा थोडा वेळ तिथेच फुगून राहिला, बाह्या पसरून. मग वळला आणि गेला. दोर सैल पडला.

आता जाळीत हिरवी नेसण होती. बुआलोयने जाळी पाण्यात घातली आणि हाका मारायला तोंड उघडलं. हाकेचे शब्द ठरलेले असतात: सोन्याच्या घरात ये, रुप्याच्या गादीवर ये. तिने ते म्हटले. जाळी रिकामी. परत म्हटले. जाळी पिसासारखी हलकी. शेजारी चन्थाला पाण्याकडे एकटक बघत होती, आणि बुआलोयचा धीर सुटला. मग ती शिकवलेलं सगळं विसरली आणि भांडायला लागली.

"ये की घरी. कसलं सोनं नि कसलं रुपं, तुझ्या घराला सोन्याचा खिळासुद्धा नाही. पपया पिकून पडताहेत, त्या काय मी खाऊ? तुझी ती लंगडी कोंबडी रोज माझ्या वाफ्यात शिरते. मागावरची पट्टी अर्धी आहे, तिचा रंग मला मुळीच आवडलेला नाही, ये आणि बदल. मासळी खारवायचं मडकं तू मला देणार होतीस, अजून दिलं नाहीस. आणि मला भाऊ नाही आता. संध्याकाळी भांडायला कुणी नाही. ऐकतेयस का? मला कुणी नाही."

कोंबडीपाशी जाळी जराशी हलली होती. शेवटच्या वाक्यापाशी ती वाकली. जड नव्हे, झोपलेल्या मांजराएवढी. बुआलोयने ती छातीशी धरली आणि मागे न बघता घाट चढली. शिडीपाशी आल्यावर चन्थाला मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा रडली, मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून. कुत्रं आलं आणि तिच्या पायांवर येऊन पसरलं. बुआलोयने दोरा बांधला. गाठ बसली.

लगेच सगळं गोड झालं असं मी सांगितलं तर तुम्ही बाकीचंही खोटं मानाल. त्या दिवशी चन्थालाला पूर्वीपेक्षा वाईट वाटलं. दुखायला आता आत कुणीतरी होतं. दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून पडली. मावळतीला उठली. तांदळाच्या मडक्यात हात घातला, सवयीने दोघांचा तांदूळ काढला, आणि थबकली. अर्धा परत टाकला. मग वन्संची जीभ आठवली, उद्या सकाळी मासळीचं मडकं न्यायला येणार आणि जेवल्याशिवाय जाणार नाहीत हेही आठवलं, आणि तिने तो अर्धा पुन्हा काढला.

पहाटे खोकला आला नाही. ती बराच वेळ कान देऊन पडली होती. टोपलीवर टकटक नाही, काही नाही, नुसती नदी. उठायला काहीच कारण नव्हतं. तांदूळ तेवढा भिजला होता, आणि भिजलेला तांदूळ ठेवला तर आंबतो. म्हणून ती उठली. सरपण आणायला शिडी उतरू लागली तेव्हा तिसरी पायरी कुरकुरली. चन्थाला जागच्या जागी गोठली. खूप वेळाने तिने खाली पाहिलं. पायरीवर पाय होता तो तिचाच, आणि तो कोरडा होता.