हात बाहेर

"हात कुठे?" मी दरडावून विचारलं.

"बाहेर! दिसतील असे!" अकरा पोरं एका सुरात ओरडली.

"चाल?"

"सावकाश!"

"आणि तोंड?"

"नाव सांगायचं, उलट बोलायचं नाही!"

"मिस्टर वेंडेल, पोलिसाला शिंक आली तर रुमाल द्यायचा का?" डेशॉनने विचारलं आणि सगळे खिदळले.

"तू आधी ती टोपी काढ. रुमालाचं मग बघू."

पोलिसाने अडवलं तर जीव कसा वाचवायचा, हा पाठ मी अमेरिकेतल्या डेटन शहराच्या पश्चिम भागात, आमच्या चर्चच्या तळघरात, दर शनिवारी घेतो. आम्ही सात काळे म्हातारे आहोत. कोणी पोस्टमन होता, कोणी न्हावी. मी एकतीस वर्षं सिटी बस चालवली. आपल्या भागातल्या काळ्या पोरांना पायावर उभं करायचं, हे आम्ही अंगावर घेतलेलं काम. भिंतीवर पाटी आहे, 'इथे आमच्या मुलांना कोणी घाबरत नाही'. ती मीच रंगवली, आणि त्याचा मला केवढा तोरा!

डेशॉन माझ्या वाट्याचा. सतरा वर्षांचा, ताडमाड, तोंडाळ. मेच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे प्रत्येक पोरगा आपल्या पसंतीच्या माणसाकडून टाय बांधून घेतो आणि उन्हाळी कामाच्या मुलाखतीला जातो. डेशॉनने मला महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. मी माझ्या वडिलांचा निळा टाय इस्त्री करून ठेवला होता.

त्याआधीच्या गुरुवारी भरदुपारी मी औषधांच्या दुकानासमोर गाडीत बसलो होतो. बायको आत गेली होती. हूड डोक्यावर ओढलेला एक उंच पोरगा गाड्यांमधून झपाझप माझ्याकडे येताना आरशात दिसला. माझं बोट आपसूक बटणावर गेलं. खट्. चारही दारं बंद झाली.

पोरगा काचेपाशी येऊन थबकला. त्याने हूड मागे सारलं. डेशॉन!

मी काच खाली केली. "अरे, तू होय! ही गाडी ना, आपोआप लॉक होते."

"हो का?" तो म्हणाला. हातातला डबा त्याने खिडकीतून आत दिला. "आजीने पीच कॉबलर पाठवलंय. गरम आहे, जपून."

आणि तो निघून गेला.

तरुणपणी रस्त्याने चालताना तो खट् आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता. उभ्या गाड्या, आत गोरी माणसं, आणि मला बघताच एकामागून एक खट्, खट्. प्रत्येक वेळी अंगाची आग व्हायची. आता तोच आवाज माझ्या बोटातून निघाला होता. त्या पोराच्या आजीने भाजलेला तो पीचचा गोड पदार्थ मी घरी तसाच झाकून ठेवला.

"खरं सांगून टाक त्याला," माझ्याकडून सगळं ऐकून बायको म्हणाली. "पोरगा काही खुळा नाही."

शनिवारी तो येणार नाही असं मला वाटलं होतं. मनातून तसंच व्हावं असंही वाटत होतं, इतका मी भेकड. पण पांढरा शर्ट घालून तो माझ्यासमोर उभा राहिला आणि मान वर केली. मी टाय त्याच्या कॉलरखालून घेतला.

"डेशॉन," मी हळूच म्हणालो, "ती गाडी आपोआप लॉक होत नाही."

"माहितीये, मिस्टर वेंडेल. दर महिन्याला मीच धुतो ना ती."

"मला लाज वाटते रे पोरा."

तो पाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गाठ जरा सैल करा. आवळतेय."

मुलाखतीला त्याला मीच सोडणार होतो. मी आधी बाहेर आलो, गाडीची चारही दारं सताड उघडली आणि आत बसून राहिलो.

तो चर्चच्या दारातून बाहेर आला. बाजूने येता आलं असतं, पण वळसा घालून समोरून आला. सावकाश. दोन्ही हात खिशाबाहेर, तळवे दिसतील असे. दहा पावलांवर थांबला.

"मी आहे, मिस्टर वेंडेल," तो म्हणाला. "डेशॉन."